वैशाखातल्या कृत्तिका

मोठ्या बहिणीला आमच्याकडे बाई म्हणत. माझी बाई माझ्याहून चार वर्षांनी मोठी होती, आणि दिवसाउजेडी तिच्यासारखं नीटनेटकं काम करणारी पोर आमच्या गावात दुसरी नव्हती. तिने पाखडलेल्या तुरीत खडा सापडत नसे. सुईत दोरा ओवायचा असला की शेजारच्या बायका तिलाच हाक मारत. पण दिवस कलला की ती वेगळीच होई. भिंतीला हात लावून चाले. घागरीला अडखळे, दारात निजलेल्या कुत्र्यावर पाय देई, ताटात वाढलेली भाकर सोडून ताटाबाहेर चाचपडे. माय तिला धांदरट म्हणायची आणि बाईलाही ते खरं वाटायचं. अंधारात इतरांना आपल्याहून जास्त दिसतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

ही गोष्ट एकोणीसशे तीसच्या आसपासची. आमचं गाव रिसोडपासून दोन कोसांवर होतं. बाबांची थोडी शेती होती, पण त्यांचा जीव बैलगाडीवर. कापसाच्या दिवसांत ते एका व्यापाऱ्याचा कापूस भरून मालेगाव, पातूर करत अकोल्याला नेत. आठ-दहा गाड्या एकत्र निघत. घड्याळ कुणाजवळच नव्हतं. कृत्तिका आभाळात कुठे आली ते पाहून गाड्या जुंपायच्या आणि ते पाहूनच सोडायच्या. मालेगावला आमच्या आत्याचं घर होतं, म्हणून बाबांनी मला दोनदा तिथपर्यंत गाडीत नेलं. कापसावर उताणी पडून मी ते सगळं शिकले. कार्तिकात दिवे लागायला कृत्तिका उगवतीला निघते आणि पहाटे मावळतीला जाते. पौषात जेवणं आटोपेपर्यंत माथ्यावर येते. माघात दिवेलागणीलाच माथ्यावर असते. तिथून पुढे रोज थोडी थोडी मावळतीकडे उतरते.

गाडीवाल्यांचा एक खेळ होता. कृत्तिकेच्या पुंजक्यात कुणाला किती चांदण्या दिसतात ते विचारायचं. बहुतेकांना सहा दिसत. म्हाताऱ्यांना नुसता धुरकट ठिपका दिसे.

"तुले किती दिसते वं?" बाबांनी मला विचारलं.

"सात."

"खरं सांग."

"सहा चांगल्या. आन् सातवी डोया बारीक केला का दिसते."

पुढच्या गाडीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बाबांनी ते सगळ्यांना सांगितलं. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. माझ्यात कुणाला अभिमान वाटावा असं काही आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

घरी आल्यावर त्यांनी अंगणात बाईलाही तेच विचारलं. जेवणं झाली होती. आभाळ स्वच्छ होतं आणि चांदण्यांनी नुसतं भरलेलं होतं. बाई मान वर करून पाहत राहिली.

"मले तं फकस्त कायंभोर दिसते," ती म्हणाली.

"एकबी चांदनी नाई?"

"काहून? काय असते तिथं?"

ती मस्करी करत नव्हती. चांदण्या हा शब्द ती आमच्यासारखाच वापरायची, गाण्यात म्हणायची, पण तो शब्द कशासाठी आहे ते तिला ठाऊक नव्हतं. चंद्र तिला दिसायचा. बाकीचं सगळे लोक उगाच म्हणतात असं तिला वाटायचं. बाबांनी हातातली चिलीम खाली ठेवली आणि ती पुन्हा उचलली नाही.

मग उपाय सुरू झाले. शेवग्याचा पाला झाला. बकऱ्याची कलेजी झाली. आमच्या घरी मांस शिजत नसे, म्हणून शेजारच्या एका मुसलमान काकी ती भाजून पदराखालून आणून देत आणि बाईला आमच्या गोठ्यात बसवून खाऊ घालत. गावात आलेल्या एका वैदूने डोळ्यांत कसला तरी रस पिळला, त्याने आठ दिवस तिचे डोळे सुजले. काकींनी एकीकडे कलेजी दिली आणि दुसरीकडे देवाजवळ मागितलं. त्यांच्या एका भाच्याचा रातांधळेपणा कलेजीने गेला होता म्हणे. बाईचा गेला नाही.

पंधराव्या वर्षी तिचं लग्न झालं. सासर किन्हीराजाकडचं. मालेगावच्या आत्यानेच स्थळ सुचवलं होतं. घरी विधवा सासू, एकुलता एक मुलगा आणि सासूची सहा वर्षांची नात. नातीची आई, म्हणजे सासूची लेक, बाळंतपणात गेली होती. जमीन चांगली, विहीर बारमाही. बघायला आले ते दुपारी आले. बाईने तांदूळ निवडून दाखवले, सुई ओवून दाखवली. डोळ्यांचं कुणी विचारलं नाही आणि आमच्याकडून कुणी सांगितलं नाही.

वर्षभराने ती दिवाळीला माहेरी आली ती वाळली होती. रात्री माय आणि मी तिच्याजवळ बसलो तेव्हा तिने सांगितलं. सासरी ती सूर्य असताना सगळी कामं उरकून घ्यायची. चुलीपासून दारापर्यंत नऊ पावलं, दारापासून विहिरीपर्यंत भिंतीच्या कडेने एकतीस, असं सगळं मोजून ठेवलं होतं. पण घरातली माणसं वस्तू हलवतात. एकदा बाज इकडची तिकडे झाली आणि ती दुधाच्या भांड्यासकट पडली. एकदा सासू अंधारात समोर गप्प उभी होती आणि बाई सरळ तिच्यावर जाऊन आदळली. तेव्हापासून सासू तिच्यावर नजर ठेवून होती.

"आन् जवाई?" मायने विचारलं.

"ते काई बोलत नाईत," बाई म्हणाली. "संध्याकायी कंदील घेऊन माह्या पुढे चालत राह्यतात. मले वाटते त्याइले सवयच हाये तशी."

दिवाळीनंतर तिला न्यायला कुणी आलं नाही. निरोप आला, आत्याकडूनच. सासूने म्हटलं होतं, माघात मी स्वतः येईन आणि सुनेचे डोळे पाहीन. नीट असले तर घेऊन जाईन.

मायने तो निरोप ऐकला आणि ती दळायला बसली. जात्याच्या घरघरीत तिचं रडणं ऐकू येत नव्हतं, म्हणूनच ती दळत असावी. बाबा गाड्यांबरोबर अकोल्याला गेले होते. आणि मी, बारा वर्षांची, शहाणी, सात चांदण्या मोजणारी, मला एक युक्ती सुचली.

डोळे पाहायचे म्हणजे म्हातारी काय करणार? दिवसा तर बाईला सगळं दिसतं. म्हणजे ती रात्री पाहणार. रात्री अंगणात बसवून विचारणार, कृत्तिका कुठे आहे आणि किती चांदण्या. आमच्या भागात डोळे पारखायची रीत तीच होती. मग कृत्तिका दिसायची गरजच काय? ती कुठे असते ते पाठ असलं की झालं.

मी बाईला सांगितलं. ती घाबरली. मग म्हणाली, "शिकव."

त्या दिवसापासून माघापर्यंत एकही संध्याकाळ आम्ही सोडली नाही. भांडी घासून झाली की अंगणात घोंगडी अंथरायची. बाई उताणी पडायची. मी तिच्या डोक्याशी बसून तिचा हात धरायची आणि तिचं बोट बरोबर त्या पुंजक्याकडे न्यायची. मग हात सोडायचा, खाली ठेवायचा आणि तिने पुन्हा तिथेच न्यायचा. दहादा, वीसदा. कालच्यापेक्षा आज त्याच वेळेला किती पुढे, तेही तिने बोटांनी मोजायचं.

मग तिच्या सासरचं अंगण. मी तिथे एकदा बाबांबरोबर जाऊन आले होते. घराचं तोंड दक्षिणेला. दारात उभं राहिलं की डाव्या हाताला विहीर, ती उगवती. उजव्या हाताला गुरांचा कोठा, ती मावळती. मी जमिनीवर कोळशाने ते अंगण काढलं आणि तिला त्यात उभं केलं.

"पौषात, जेवणं झाल्यावर?"

"डोक्यावर. कणभर घराच्या अंगाले."

"माघात?"

"दिवे लागले का डोक्यावर. जेवणं झाल्यावर कोठ्याकडे झुकते."

"फाल्गुनात?"

"अर्ध्यावर. कोठ्याच्या अंगाले."

"चैतात?"

"कोठ्याच्या छपरावर, हातभर."

"किती?"

"सहा. सातवी डोया बारीक केल्यावर."

मी तिला हेही शिकवलं की लगेच बोट दाखवायचं नाही. आधी इकडेतिकडे पाहायचं, शोधल्यासारखं करायचं. ढग असले तर म्हणायचं, आज आभाळ आलं. ढग आहेत की नाही हे कसं ओळखायचं? ते मला सुचेना, तेव्हा तिनेच सांगितलं, की दिवस बुडण्याआधी मी आभाळ पाहून ठेवीन.

एकदा ती मध्येच म्हणाली, "पन दिसते कशी वं ते खरंच?"

मी खूप विचार केला. "कायी घोंगडी हाये," मी म्हटलं, "आन् तिच्यावर कोनं तरी जवारीच्या लाह्या सांडल्या. बाकीच्या दूर दूर पडल्या. ह्या सात एकाच जागी पडल्या."

बाई म्हणाली, लाह्या तिला आवडतात.

माय हे सगळं ओसरीवरून पाहायची. थांबा म्हणाली नाही आणि करा म्हणाली नाही. बाबा पुन्हा घरी आले तेव्हा आम्ही त्यांच्यासमोर गप्प राहिलो. बाबांना खोटं जमत नसे. म्हातारीने विचारलं तर ते सांगून टाकतील, ही भीती होती.

माघात म्हातारी आली. बरोबर मुलगा होता, भाऊजी. दुपारी आले, जेवले, म्हातारीने बाईला दिवसभर काही विचारलं नाही. संध्याकाळी जेवणं झाल्यावर ती अंगणात बाजेवर बसली आणि म्हणाली, "सूनबाई, इकडे ये वं. आज मले काई नीट दिसून नाई राह्यलं. कृत्तिका कुठी आली पाह्य बरं."

मी ओसरीच्या खांबाला धरून उभी होते. बाई भिंतीच्या कडेने पावलं मोजत अंगणात गेली. मान वर केली. उगवतीकडे पाहिलं, मग घराकडे. मग हात उचलला. तिचं बोट माथ्यावरून थोडं मावळतीला गेलं आणि बरोबर त्या पुंजक्यावर थांबलं. माझ्या बोटानेसुद्धा त्याहून नेमकं दाखवलं नसतं.

"किती दिसते?"

"सहा हायेत, आत्याबाई. आन् डोया बारीक केला का सातवी दिसते, अंमय खालच्या अंगाले." सासूला ती आत्याबाई म्हणायची.

म्हातारीने स्वतः वर पाहिलं. तिच्या डोळ्यांवर साऱ्याचा पांढरा पडदा येत चालला होता, तिला काय दिसत असेल देव जाणे. पण ती हसली. तिने बाईला जवळ ओढून बसवलं आणि म्हणाली, "माह्याहून चांगले डोये हायेत पोरीचे. मले उगाच शंका आली." बाबा अंगणाच्या टोकाला बसले होते. त्यांनी बाईकडे असं पाहिलं की ती खरोखर बरी झाली असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी आभाळाकडे पाहून हात जोडले. मला ते पाहवलं नाही, पण मी खूश होते. इतकी खूश मी नंतर क्वचितच झाले असेन.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई गाडीत बसली. भाऊजींनी स्वतः घोंगडी दुमडून तिच्या पाठीमागे ठेवली. गाडी निघताना मी चाकाजवळ जाऊन तिला हळूच म्हटलं, "फाल्गुनात अर्ध्यावर, चैतात छपरावर." तिने मान हलवली.

चैत्राच्या पुढे मी तिला काही शिकवलं नव्हतं. मला ठाऊक नव्हतं असं नाही. गाडीवर बाबांनी मला ते सांगितलं होतं, की वैशाखात सूर्यच कृत्तिकेपाशी येतो, मग महिना-सव्वा महिना ती कुणालाच दिसत नाही, ना संध्याकाळी ना पहाटे. ज्येष्ठात पहाटे उगवतीला पुन्हा निघते. मला ते चांगलं ठाऊक होतं. पण माझ्या दृष्टीने परीक्षा माघातली होती, आणि ती झाली होती. वैशाखाचं माझ्या डोक्यातच आलं नाही. एवढंच. याहून मोठं कारण मी आयुष्यभर शोधलं, पण ते नाही.

पुढचं मी बाईच्या तोंडून ऐकलं.

सासूला सुनेच्या डोळ्यांचा अभिमान वाटू लागला होता. येईल-जाईल त्याला ती सांगायची, माझी सून सात मोजते. वैशाखात शेजारच्या घरी लग्न होतं. म्हातारीचे भाऊ, त्यांच्या बायका, अशी पाहुणी माणसं अंगणात बसली होती. जेवणं नुकती झाली होती. नात बाईच्या मांडीवर होती. कुणीतरी चांदण्यांची गोष्ट काढली आणि म्हातारी कौतुकाने म्हणाली, "सूनबाई, दाखव बरं याइले कृत्तिका."

बाईने आभाळ संध्याकाळी पाहून ठेवलं होतं. ढग नव्हते. चैत्रात छपरावर हातभर, म्हणजे आता वैशाखात अजून खाली, अगदी छपराला टेकून, असा तिने स्वतःच हिशोब केला. आधी इकडेतिकडे पाहिलं, मी शिकवलं होतं तसं. मग कोठ्याच्या छपराकडे बोट केलं.

"सहा हायेत," ती म्हणाली, "आन् डोया बारीक केला का सातवी."

म्हातारीचा मोठा भाऊ शेतकरी माणूस होता. तो हसला. वाईट हसला नाही, लेकराची चूक पाहून हसतात तसा. "वैशाखात कृत्तिका कुठून आनली, सूनबाई? सूर्यच तिच्यापाशी जाऊन बसला. आता महिनाभर कोनालेच दिसाची नाई ते."

बाई म्हणाली, तेव्हा तिला सगळ्यांचे श्वास ऐकू येत होते. म्हातारी उठली. तिने बाईचा हात धरला, तिला अंगणाच्या मधोमध नेलं, दोन-तीनदा वळवलं आणि हात सोडून दिला.

"आता दारात जा," ती म्हणाली.

बाईची सगळी पावलं भिंतीपासून मोजलेली होती. मधोमध उभं राहिल्यावर दार कोणीकडे हे तिला कळेना. कंदील कुणीतरी आत नेला होता. ती उभी राहिली. किती वेळ ते तिला सांगता आलं नाही. भाऊजी उठल्याचा आवाज आला आणि म्हातारीने त्यांना बस म्हटलं. शेवटी ती नात उठून आली, तिने बाईचं बोट धरलं आणि तिला घरात नेलं.

चार दिवसांनी म्हातारी तिला घेऊन आमच्याकडे आली. बाई बाहेर गाडीतच बसून होती, तिला उतरू दिलं नव्हतं. म्हातारी आमच्या सतरंजीवर बसली नाही. उभ्यानेच बाबांना म्हणाली, "पोरगी आंधयी असती आन् तुमी तसं सांगतलं असतं, तं मी ठेवली असती. दिवसाचं काम ते चांगलं करते, मले कायले पायजे रातचं? निरोप धाडला तो रागानं, पन माघात मी तेच ठरवून आली होती. पाहू, दिसत नसन तं कंदील एक जास्त लावू. पन तुमी मले येडं केलं. चार लोकाइत माही इज्जत घालवली. आता हे घरात राह्यली तं मी तिच्या कोन्या बोलन्यावर भरवसा ठेवू?"

बाबांना काहीच कळेना. ते मायकडे पाहत राहिले. माय खाली पाहत राहिली. मी पुढे झाले आणि म्हटलं, "मी शिकवलं तिले. बाबाले ठाऊक नाई."

म्हातारी माझ्याकडे वळली. ती रागावली नव्हती, हे मला अजून आठवतं. थकली होती. "तुह्ये डोये चांगले हायेत ना?" ती म्हणाली. "मंग पाह्यत बस आता."

ती गाडीकडे गेली, बाईची वळकटी खाली ठेवली आणि बाईला हात देऊन उतरवलं. दिवस होता. बाईला सगळं दिसत होतं.

बाबांनी मला मारलं नाही. त्यांनी मला मारावं म्हणून मी दोन दिवस त्यांच्या वाटेत येत राहिले. पुढच्या कार्तिकात गाड्या निघाल्या तेव्हा मी अंगणात उभी होते. त्यांनी मला गाडीत घेतलं नाही आणि त्यानंतर कधीच घेतलं नाही.

त्याआधी, त्याच आषाढात, भाऊजी आले. बाईची भांडी आणि लुगडी घेऊन आले होते. माय पाणी आणायला आत गेली तेव्हा ते ओसरीवर बसून बाईला म्हणाले, आणि मी दाराआडून ऐकलं, "मले पयल्या महिन्यापासून ठाऊक होतं."

"मंग बोलले काहून नाई?"

"काय बोलू? कंदील धरत होतो ना."

बाई लुगड्यांच्या घड्या घालू लागली. "माय आयकत नाई," ते म्हणाले. मग पाणी न पिताच गेले. पुढच्या वर्षी त्यांनी दुसरं लग्न केल्याचं आत्याने कळवलं. ते माणूस वाईट नव्हते. पण आईसमोर एवढंच बोलता येणारा माणूस किती उपयोगाचा असतो, हे मला त्यांच्यामुळे कळलं.

विसाव्या-एकविसाव्या वर्षापासून बाईचं दिवसाचं दिसणंही आकसू लागलं. ती म्हणायची, पोकळ बांबूतून पाहिल्यासारखं दिसतं. समोरचा माणूस दिसे, त्याच्या बाजूचा नाही. बाबा तिला अकोल्याला एका डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. त्याने बराच वेळ तपासलं आणि सांगितलं की हे आतून वाळत जाणारं आहे, यावर औषध नाही. किती दिवस दिसेल, तेही त्याने सांगितलं नाही. बाबांनी परत येताना तिला अकोल्याचा बाजार दाखवला. काचेच्या बांगड्यांचं दुकान, कापडाचं दुकान, सगळं तिला जवळ नेऊन नेऊन दाखवलं. घरी आल्यावर ते तीन दिवस शेतात गेले नाहीत.

बत्तिसाव्या वर्षी तिला फक्त ऊन आणि सावली एवढा फरक कळत होता. तोवर माझं लग्न होऊन मी कारंज्याला गेले होते. नवरा शाळामास्तर. त्यांनीच मला वाचायला-लिहायला नीट शिकवलं. बाई माझ्याकडे एकदाच राहायला आली. महिनाभर राहायची म्हणून आली आणि बाराव्या दिवशी जाते म्हणाली. नव्या घरात तिला पावलं मोजता येत नव्हती. ती दिवसभर एकाच कोपऱ्यात बसून राहायची, आणि माझ्या सासूबाई येता-जाता उसासे सोडायच्या.

जायच्या आदल्या दिवशी दुपारी मी तिचे केस विंचरत होते. घरात आम्ही दोघीच. मी म्हटलं, "बाई, वैशाखाचं मी तुले सांगतलं नाई. मले ठाऊक होतं आन् मी सांगतलं नाई."

"ठाऊक हाये मले," ती म्हणाली. "त्याले किती वर्षं झाली."

"तू कधी बोलली नाई."

"काय बोलू? तू शिकवलं नसतं तं मी त्याच माघात घरी बसली असती. तुह्यामुयं मले चार महिने तं भेटले." मग ती म्हणाली, "त्या चार महिन्यात आत्याबाई मले लेक म्हनत होत्या."

म्हातारी त्या दिवशी आमच्या घरात काय बोलली ते बाईने ऐकलं नव्हतं. ती बाहेर गाडीत होती. माघात म्हातारी सुनेला ठेवून घ्यायच्या तयारीने आली होती, एक कंदील जास्त लावायच्या तयारीने, हे बाबांना, मायला आणि मला ठाऊक होतं. आम्ही तिघांनी ते तिला कधी सांगितलं नाही. त्याबद्दल आमचं आपसात काही ठरलंही नव्हतं. माय गेली तेव्हा तिने ते आपल्याबरोबर नेलं, पुढे बाबा गेले तेव्हा त्यांनीही. आता ते माझ्या एकटीजवळ होतं, आणि त्या दुपारी ते माझ्या जिभेवर आलं होतं. सांगितलं तर तिच्याजवळचे ते चार महिनेही जातील. न सांगितलं तर ती माझे उपकार मानत मरेल. मी तिच्या डोक्यात तेल घालत राहिले. तिने मान मागे टेकवली आणि म्हणाली, जोरात चोळ.

मी सांगितलं नाही.

त्यानंतर दोन उन्हाळे ती जगली. तापाची साथ आली होती, गावात बरीच माणसं गेली, त्यात तीही गेली. माय-बाबांमागे आमचं घर सांभाळणाऱ्या चुलत भावाने मला कळवलं ते पत्र कारंज्याला पोचायला सहा दिवस लागले. मी गेले तेव्हा घर सारवलेलं होतं. तिची वळकटी कुणीतरी आधीच देऊन टाकली होती. ती ज्या जागी बसायची तिथे ज्वारीची पोती रचली होती. भावजयीने मला चहा दिला आणि विचारलं, मुक्काम आहे की संध्याकाळच्या गाडीने परत जाणार. मी म्हटलं, परत जाईन.